वॉचमनचा पार्ट

माझ्या बापाने तोंड उघडलं आणि अख्खा हॉल हसला.

त्यांनी विनोद केला नव्हता. त्यांना विचारलं होतं, "काका, तुमच्या घरातली सकाळ कशी असते? करून दाखवा ना." बाबा मंचावर उभे राहिले. हात मागे बांधले. आणि म्हणाले, "माही मोठी पोट्टी सकायी लवकर उठत नाही. मी म्हनतो, उठ वं माय, शायेचा टाइम होऊन राहिला. थे म्हनते, मले झोपू द्या."

एवढंच.

पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. पोरं 'मले, मले' करत एकमेकांना ढकलू लागली. बाबा बावरले. हॉलभर नजर फिरवली. मग तेही हसले.

कार्यशाळा घेणाऱ्या ताई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "काय गोड! काका, परत एकदा म्हणा ना. अगदी असंच. काही बदलू नका हं."

बाबांनी परत म्हटलं. परत हसू.

"आता जरा मोठ्याने!"

बाबांचा आवाज तसाही मोठाच. हिंगण्याच्या कंपनीत ते प्रेस मशीनवर आहेत. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटतं. कान अर्धे गेलेले. आपलं बोलणं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही म्हणून ते सगळ्यांशी ओरडून बोलतात. ते ओरडले. लोक डोळे पुसत हसले.

मी खाली बसले होते, आई आणि धाकट्या बहिणीच्या मध्ये. मी नववीत होते. माझ्या बापाकडे इतकी माणसं एकाच वेळी बघताहेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं. त्या वेळी वाटलं, बाबांची लाज वाटतेय. कोणाची लाज वाटायला हवी होती, हे कळायला मला दुसरा दिवस लागला.

तो मुलांचा आणि पालकांचा नाट्यमहोत्सव होता. हिवाळ्यातले शनिवार-रविवार. मोठं सभागृह, बाजूला हिरवळ. हिरवळीवर मोज्यांच्या बाहुल्या करायच्या, कागदाच्या थाळ्यांचे मुखवटे रंगवायचे, पांढऱ्या चादरीमागे उभं राहून सावल्यांचा खेळ करायचा. एका कोपऱ्यात ढोल मांडलेले, ज्याला वाटेल त्याने वाजवावेत. किशोरवयीन मुलांसाठी अभिनयाची वेगळी कार्यशाळा. आणि 'कुटुंब रंगमंच'. त्यात आईबाप, पोरं सगळ्यांनी मिळून नाटक उभं करायचं आणि रविवारी सगळ्यांसमोर सादर करायचं.

शाळेला काही पास आले होते. वर्गशिक्षिकेने त्यातला एक मला दिला. स्नेहसंमेलनात मी काम करायची म्हणून. मला नाटक हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन मी मनातल्या मनात भाषणं करायची. तो पास मी घरी नेला तेव्हा बाबांनी सुट्टी टाकली. कंपनीत सुट्टी टाकणं सोपं नसतं. टाकली.

दारात पिवळ्या टीशर्टातली एक मुलगी नावं लिहून घेत होती. "पूर्ण नाव?" बाबांनी सांगितलं. आडनाव ऐकून तिने वर बघितलं. "राहता कुठे?" बाबांनी वस्तीचं नाव सांगितलं. आमच्या मागे प्रताप नगरचं, बंगल्यांच्या भागातलं, एक कुटुंब होतं. त्यांना तिने कुठे राहता विचारलं नाही. ते त्यांनीच आपणहून सांगितलं, दुसऱ्या कोणाशी तरी बोलताना.

सकाळ चांगली गेली, हेही सांगायला हवं. बाबांनी ढोल वाजवला. बाजूच्या पोरांनी त्यांच्या तालावर ताल धरला. धाकटीने लाल मोज्याची बाहुली केली, तिला बटणाचे डोळे लावले. आई अंगणवाडीत सेविका आहे. तिने आजूबाजूच्या चिल्ल्यापिल्ल्यांना बघता बघता गोल करून बसवलं. त्यांच्या आया मोबाइलवर फोटो काढत होत्या. दुपारी तो हॉल आला आणि बाबांची सकाळ आली.

त्यानंतर ताईंनी भूमिका वाटल्या.

नाटकाचं नाव 'सगळे समान'. प्रताप नगरची बाई घरमालकीण. तिची मुलगी ईरा, माझ्याच वयाची, ती घरातली मुलगी. माझी आई कामवाली. बाबा सोसायटीचे वॉचमन. मी कामवालीची पोर. गोष्ट अशी की ईरा आपल्या आईला म्हणते, आई, हिलाही शिकू दे ना. आई विरघळते. शेवटी मी मालकिणीच्या पाया पडते आणि म्हणते, "बाई, तुमच्यामुळे मी शिकून राहिली." मग सगळे हात धरून गाणं म्हणतात.

मी विचारलं, "ताई, मी ईराचा पार्ट करू?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, तो तुला नाही बसणार. भाषा आड येईल."

मी ईराचं वाक्य तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. पुस्तकातल्यासारखं, एकही शब्द न घसरता. ताई हसल्या. "छान. पण नको. तू तुझंच बोल. त्यातच तर गंमत आहे."

म्हणजे माझ्या भाषेमुळे ईराचा पार्ट नाही. आणि त्यांची भाषा मला येते तर ती मी बोलायची नाही.

हे सगळं मी आत्ता त्यांच्याच भाषेत लिहिते आहे. मला दोन्ही येतात.

आईच्या हातात झाडू आला. बाबांना खाकी शर्ट आणि शिटी. त्यांना नवीन वाक्य दिलं नाही. "काका, तुम्ही ते मघाचंच म्हणा. गेटवर उभे राहून म्हणा. लोक वेडे होतील."

बाबांनी खाकी शर्ट अंगाला लावून बघितला. "फिट आहे," म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कळमेश्वरला काकांना फोन लावला. "गुड्डू, मले नाटकात घेतलं गा! खरं सांगून राहिलो. उद्या पब्लिकसमोर!" शेजारच्यांना सांगितलं. दाढी केली. आरशासमोर उभं राहून तेच म्हणत राहिले, शायेचा टाइम होऊन राहिला, शायेचा टाइम होऊन राहिला.

धाकटी टाळ्या वाजवत त्यांच्याभोवती फिरत होती. "बाबा, थे हसवाचं बोला ना! बाबा, आनखी एकदा, थे हसवाचं!"

मग ती आईकडे गेली आणि म्हणाली, "आई, मला पाणी दे."

मला. आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आईचा हात तांब्यावर तसाच राहिला.

"काय म्हनलं?"

"मला पाणी दे. आपन 'मले' काहून म्हनतो वं आई? लोक हसतात."

"'मले' म्हटलं तरी पानी येते," आई म्हणाली. आणि तिला पाणी दिलं.

नंतर भाजी चिरताना ती माझ्याशी बोलली, मान खाली घालूनच. "झाडू मी रोजच मारते. त्याची लाज नाही मले. तुही मावशी लोकाच्या घरी भांडे घासते, तिचीबी लाज नाही. पन त्या बाईनं मले एकदा तरी इचाराचं होतं, तुमी काय करता म्हनून."

"मंग उद्या जाऊ नको."

"तुह्या बाबाकडे पाह्य." आई म्हणाली. बाबा शर्टाला इस्त्री करत होते.

मी उरलेली भाजी चिरायला घेतली.

रविवारी दुपारी हिरवळीवर मंच बांधला होता. ऊन अंगावर घ्यावंसं. खुर्च्या भरल्या. मागे लोक उभे. बाबा शिटी वाजवत आले आणि येण्याआधीच हसू सुरू झालं. कालच्यांनी आजच्यांना सांगून ठेवलं होतं. बाबांनी वाक्य म्हटलं. हसू. ताईंनी पडद्याआडून हात वर-वर केला, म्हणजे आणखी मोठ्याने. बाबांनी मोठ्याने म्हटलं. कोणीतरी ओरडलं, "काका, वन्स मोअर!" बाबांनी परत म्हटलं. या वेळी त्यांनी शब्द ओढला. "मलेऽऽ." माकडाचा खेळ करणारा दोरी ओढतो, तसा. फक्त इथे दोरी त्यांच्याच गळ्यात होती.

मी बाजूला उभी होते. तिथून बाबांचा चेहरा दिसत होता. तोंड हसत होतं. डोळे नाही.

मग आमचा प्रवेश. आईने झाडू मारला. ईरा म्हणाली, आई, हिलाही शिकू दे ना. ईराची आई विरघळली. तिने पदर सारखा केला आणि एक पाय जरासा पुढे घेतला. मी वाकावं म्हणून.

तो पाय मी बघितला. चांगली चप्पल होती.

आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरात एक गोष्ट ठरली. शिकायचं, आणि शिकलो म्हणून कोणाच्या पायावर लोळायचं नाही. आजोबा फार बोलत नसत. पण हे त्यांनी बाबांना सांगितलं आणि बाबांनी मला. मी शिकत होते ते कोणाच्या मेहरबानीने? ईराची आई माझी फी भरत नव्हती. मी शाळेत जात होते कारण माझा बाप सकाळी उठवायचा. ज्या वाक्यावर ते सगळे हसत होते, त्याच वाक्याने उठवायचा.

मी सरळ उभी राहिले.

"मी नाही पडत पाया."

आणि लोक हसले.

हे मला आजही आठवतं तसं दुसरं काही आठवत नाही. मी नाही म्हटलं आणि ते हसले. त्यांना वाटलं, हीसुद्धा गंमतच. आमच्या तोंडून निघालेला नकारही त्यांना विनोद वाटला.

मी थांबले. हसू संपेपर्यंत थांबले. वेळ लागला. पडद्याआडून ताई कुजबुजत होत्या, "वाक, वाक." मी वाकले नाही.

"हे नाटकात नाही," मी म्हटलं. "मी खरं बोलून राहिली. माहे बाबा वॉचमन नाहीत. असते तरी त्यात हसाचं काय होतं? माही आई लहान लेकरायले शिकवते. तिच्या हाती झाडू कोनं देल्ला? कोनं इचारलं तिले? तुमी म्हनता सगळे समान. मंग पाया मीच काहून पडू?"

मागे ढोलापाशी कोणाचं तरी लहान पोर वाजवत होतं, तेवढाच आवाज.

ईराच्या आईने पाय मागे घेतला. ईरा माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड लाल झालं होतं.

तेवढ्यात ताई माईक घेऊन मंचावर आल्या. हसत आल्या. "वा! वा! मित्रांनो, जोरदार टाळ्या! पाहिलंत? हेच तर सहभागी रंगभूमीचं बळ! आपली छोटी कलाकार आयत्या वेळी किती सुंदर रचते आहे!"

टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. ज्यांनी बापाला हसून घेतलं त्यांनीच.

त्या टाळ्या मला हसण्यापेक्षा जास्त लागल्या. हसू थांबवता येत होतं. टाळ्यांचं काय करायचं? माझा राग त्यांनी त्यांच्या कार्यक्रमात घालून टाकला. मी नाही म्हटलं तेही त्यांचंच झालं.

मी ताईंच्या हातातल्या माईककडे तोंड नेलं. "टाळ्या वाजवू नका."

ताईंनी माईक काढून घेतला.

आईने झाडू खाली ठेवला. भिरकावला नाही. नीट ठेवला. पायऱ्या उतरली, धाकटीला उचललं आणि गेटकडे चालू लागली. मी तिच्या मागे. मग वळून बघितलं. बाबा अजून मंचावर होते, खाकी शर्टात, शिटी गळ्यात. ते ताईंना म्हणत होते, "लहान पोट्टी हाय मॅडम. माफ करा."

माझ्यासाठी माफी मागत होते.

ते बाहेर आले. शर्ट बदललेला. आम्ही चौघं गाडीवर बसलो. धाकटी टाकीवर, मी मध्ये, आई मागे. गाडीवर बाबांशी बोलता येत नाही, त्यांना ऐकू येत नाही. रिंग रोडच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. उतरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय गरज होती तुले?"

"बाबा, थे तुमच्यासंगं हसत नव्हते."

"अच्छा?"

"तुमच्यावर हसून राहिले होते."

बाबांनी गाडी आणखी कडेला घेतली. ट्रक जात होते. मग म्हणाले, "मले समजत नाही काय वं? कान गेले माहे. डोये हायेत ना."

"मंग?"

"मंग काय. पैल्याच दिवशी समजलं."

"मंग आज काहून आले? दाढी केली, इस्त्री केली, काकाले फोन केला…"

"तुले पार्ट पायजे होता." बाबा म्हणाले. "त्या बाईले मी पसंत पडलो तर थे तुलेबी नाटकात ठेवीन, असं वाटलं. म्हटलं, हसू दे. माह्यं काय जाते."

आई म्हणाली, "जाते. लय जाते." तिचा आवाज फाटला होता. "लहानी घरी 'मला' म्हनून राहिली. तुमाले ऐकू नाही आलं."

बाबांनी धाकटीकडे बघितलं. धाकटी बाहुलीच्या डोळ्याचं बटण ओढत होती. मग गाडीला किक मारली. पहिल्या किकला लागली नाही.

सोमवारी शाळेत वर्गशिक्षिकेने मला उभं केलं. "तुझ्यामुळे शाळेचं नाव गेलं. त्या लोकांनी तुम्हाला मंच दिला, आणि तुम्ही असे वागलात." 'तुम्ही' म्हणाल्या. मी एकटीच उभी होते.

मी म्हटलं, "मॅडम, त्यांनी मंच दिला नाही. त्यांनी झाडू दिला."

वर्गाबाहेर उभी राहिले. उरलेला तास. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझं नाव नव्हतं. दहावीतही नव्हतं. पास परत कधी आला नाही.

मी नाटक सोडलं नाही. आता कॉलेजात आहे आणि वस्तीतल्या विहाराच्या अंगणात पोरापोरींना घेऊन नाटक बसवते. धाकटीही असते. ती मंचावर 'मले' म्हणते, बाहेर 'मला' म्हणते. मी तिला काही म्हणत नाही, पण ऐकते. ती जखम मी नव्हे, तिने बांधायची आहे.

बाबा माझं नाटक बघायला येत नाहीत. "सेकंड शिफ्ट हाय," म्हणतात. कधी असते, कधी नसते. मी खोदून विचारत नाही. माझ्या बापाने माझ्या पार्टसाठी स्वतःला हसायला दिलं, आणि मी तो पार्ट भर मंचावर फेकला. दोन्ही खरं आहे. तो मंचाजवळ यायला तयार नाही, हेही खरं आहे. यातलं काही गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. मी परत त्या ठिकाणी उभी राहिले तर परत तेच करीन.

गेल्या हिवाळ्यात तसल्याच एका महोत्सवाचे दोघं जण विहारात आले. चांगलं बोलले. म्हणाले, "तुमच्या मुलांचा एक छोटासा वऱ्हाडी प्रसंग हवाय. लोकांना फार आवडतं."

"गोष्ट कोणाची?" मी विचारलं.

"गोष्ट आमच्याकडे तयार आहे. तुम्ही फक्त मुलं द्या."

"मुलं देत नाही."

"मोठा मंच आहे. विचार करा. अशी संधी परत येत नाही."

"नाही आली तरी चालेल."

ते गेले. पोरं आजूबाजूला बसली होती, सगळं ऐकत होती. एकीने विचारलं, "ताई, मंग आपन कुठी कराचं?"

येत्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्या महोत्सवाच्या गेटसमोरच्या रस्त्यावर करणार आहोत. परवानगीचा अर्ज टाकला आहे. नाही मिळाली तर पुन्हा टाकू. पास नसेल. कुठे राहता, कोणी विचारणार नाही. कोणता पार्ट कोणी करायचा, ते पोरं ठरवतील आणि गोष्टही तेच ठरवतील. आम्ही आमच्यासारखं बोलू. बघणाऱ्याला हसायचं असेल तर आमच्याबरोबर हसावं. आमच्यावर हसला तर नाटक तिथेच थांबेल. तो गप्प होईपर्यंत आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहू.